सगळंच वाकतं, पण सारखं नाही

जानेवारीतली रात्र, जुन्नर तालुक्यातलं एक माळरान. मृग नक्षत्र माथ्याकडे चढत होतं, वारा पडला होता, आणि लॅपटॉपवरचा गाइडिंगचा आलेख अगदी शांत होता. दोन्ही अक्षांतली चूक अर्ध्या विकलेच्या आसपास. अश्वमुख तेजोमेघावर हायड्रोजन-अल्फा फिल्टर लावून दहा-दहा मिनिटांची एक्सपोजर घेत होतो. पहिली फ्रेम उघडली, पूर्ण मोठी केली, आणि पोटात गोळा आला. तारे गोल नव्हते. तांदळाच्या दाण्यांसारखे लांबट होते, आणि सगळ्या दाण्यांचं तोंड एकाच दिशेला. पुढची फ्रेम तशीच, त्यापुढचीही तशीच. आलेख मात्र म्हणत होता की दुर्बीण ताऱ्यावर खिळून आहे.

आलेख खोटं सांगत नव्हता. गाइड स्कोप, म्हणजे ताऱ्यावर नजर ठेवायला वर बसवलेली छोटी दुर्बीण, खरोखरच ताऱ्यावर खिळून होता. हळूहळू सरकत होती ती त्याच्या खालची मोठी दुर्बीण. जोडणीत कुठेतरी काहीतरी वाकत होतं, त्यामुळे दोघांच्या नजरेतला कोन बदलत होता आणि संगणक मोठ्या इमानाने चुकीच्या दुर्बिणीची काळजी घेत होता. खगोलछायाचित्रणात या दुखण्याला फ्लेक्शर म्हणतात, नेमकं सांगायचं तर डिफरन्शियल फ्लेक्शर. आपण त्याला ‘फरकाचा बाक’ म्हणू. त्यातला महत्त्वाचा शब्द ‘फरक’ हा आहे. या विषयावर जे प्रयोग झाले, जी यंत्रं बनली, जी उधळपट्टी झाली, ती पाहिली की वाटतं, लोक बाकाशी लढत राहतात आणि फरकाकडे दुर्लक्ष करतात. मीही दोन हिवाळे तेच केलं.

आधी आकडे बघू, कारण आकड्यांशिवाय या प्रश्नाची नजाकत कळत नाही. ८०० मिलिमीटर नाभीय अंतराची दुर्बीण आणि ३.७६ मायक्रॉन पिक्सेलचा कॅमेरा ही आज हौशी मंडळींकडे सर्रास दिसणारी जोडी. त्यात एक पिक्सेल म्हणजे आकाशातली जवळजवळ एक विकला. आता गाइड स्कोप दोन रिंगांत धरलेला आहे आणि रिंगांमधलं अंतर २० सेंटीमीटर आहे असं धरा. यातलं एक टोक एक मायक्रॉनने खाली बसलं की गाइड स्कोपची नजर एका विकलेने ढळते. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो. त्या रात्री माझ्या चित्रांत तासाला अठरा पिक्सेल सरक होती, म्हणजे दहा मिनिटांत तीन. हिशेब केला तर एका तासात एक टोक केसाच्या चौथ्या हिश्श्याएवढं हललं होतं. सुतार ज्याला सूतभर म्हणतो त्यात असे दीडशेहून जास्त हिस्से मावतील.

आणि हे हलणं थांबणारं नसतं, कारण दुर्बिणीला धरणारा माउंट ताऱ्यामागे तासाला पंधरा अंश फिरतो. दुर्बिणीच्या दृष्टीने पाहिलं तर गुरुत्वाकर्षणाची दिशाच सतत बदलत असते. संध्याकाळी जो स्क्रू खालून भार पेलत होता तो मध्यरात्री आडवा होतो आणि भार शेजारच्या स्क्रूवर जातो. दुर्बीण एकाच स्थितीत कायम उभी राहणार असती तर ती कितीही वाकलेली चालली असती.

मोठ्या दुर्बिणींचा इतिहास हा बऱ्याच अंशी याच झगड्याचा इतिहास आहे. विल्यम हर्शेलच्या चाळीस फुटी दुर्बिणीसाठी ओतलेला पहिला धातूचा आरसा पातळ निघाला, स्वतःच्या भाराने त्याचा आकार टिकेना, आणि दुसरा जास्त जाड ओतवून घ्यावा लागला. १७८९ मध्ये दुर्बीण पुरी झाली. भिंगांच्या दुर्बिणींनी तर या बाबतीत टोकच गाठलं. भिंगातून प्रकाश आरपार जायचा असतो, म्हणून त्याला फक्त कडेने धरता येतं, पाठीला आधार देता येत नाही. यर्कीस वेधशाळेची ४० इंची दुर्बीण १८९७ मध्ये उभी राहिली आणि वेधशाळांमध्ये काम करणारी तिच्याहून मोठी भिंगाची दुर्बीण त्यानंतर झाली नाही. भिंगांची वाट तिथे संपण्यामागे काचेचं झोल खाणं हे एक मोठं कारण होतं.

मग पालोमार पर्वतावरची २०० इंची हेल दुर्बीण आली. तिच्या नळीच्या एका टोकाला प्रचंड आरसा, दुसऱ्या टोकाला निरीक्षकाची खोली, आणि मध्ये काही मीटरांचं अंतर. एवढं धूड न वाकता राहील असं पोलाद जगात नाही. १९३० च्या दशकात मार्क सेरुरिए या अभियंत्याने ते मान्य केलं आणि प्रश्नच फिरवला. मधल्या चौकटीपासून दोन्ही बाजूंना नळ्यांचे त्रिकोण काढून त्याने असा सांगाडा रचला की दोन्ही टोकं लवतील, पण सारखीच लवतील आणि लवताना एकमेकांना समांतर राहतील. अक्ष किंचित खाली येतो, पण कलत नाही. आरसा आणि त्याचं नाभीप्रतल एकमेकांसमोरच राहतात. १९४८ मध्ये हेल दुर्बिणीचं उद्घाटन झालं आणि तेव्हापासून ‘सेरुरिए ट्रस’ हा शब्द दुर्बीण बांधणाऱ्यांच्या तोंडी बसला. (याच मार्कच्या वडिलांनी, इवान सेरुरिए यांनी, मूव्हिओला हे चित्रपट संकलनाचं यंत्र बनवलं. एका घरातून आकाश आणि सिनेमा दोन्हींची सोय झाली.) मला हा सांगाडा विसाव्या शतकातल्या सर्वांत सुंदर यांत्रिक कल्पनांपैकी एक वाटतो.

रेडिओ दुर्बिणींनी हीच कल्पना आणखी पुढे नेली. जर्मनीतल्या एफेल्सबर्गची १०० मीटर व्यासाची थाळी कलली की वाकते. पण तिची रचना अशी आहे की वाकल्यावर एका परवलयाचं दुसरं परवलय होतं. मग फक्त ग्राहक नव्या नाभीपाशी सरकवायचा. आपल्याकडे नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस थाळ्या आहेत. गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या जड पत्र्याच्या न करता ताणलेल्या तारांवर स्टेनलेस स्टीलची बारीक जाळी बसवून केल्या. हे परवडलं, कारण तिथे ऐकायच्या लहरी वीसेक सेंटीमीटरांपासून दोन मीटरांच्या घरातल्या. पृष्ठभाग काही मिलिमीटर इकडेतिकडे झाला तरी लहरीच्या मानाने ते किरकोळ ठरतं. दृश्य प्रकाशाची लहर अर्ध्या मायक्रॉनची. किती बाक चालेल हे असं कामावर ठरतं, आणि आपल्या कामाला तो जवळजवळ अजिबात चालत नाही.

आता परत माळरानावर. माझा पहिला संशय गाइड स्कोपखालच्या प्लेटवर होता. ती भोसरीतल्या एका टर्नरकाकांकडे घेऊन गेलो आणि दुप्पट जाडीची करून मागितली. त्यांनी लगेच लेथ सुरू केला नाही. सगळी जोडणी टेबलावर वायसमध्ये धरली, गाइड स्कोपच्या तोंडाशी डायल गेज लावला आणि यूएसबी केबलला बोटाने हलकासा ताण दिला. काटा हलला. बोट काढलं, काटा परत आला, पण पुरता नाही. मग गेज प्लेटला लावला, तोच ताण दिला. काटा जागचा हलला नाही. काकांनी दोन्ही रिंगांमधल्या सहा स्क्रूंपैकी एक सोडवून माझ्या हातावर ठेवला. टोकाला नायलॉनची टोपी होती, नळीला ओरखडे पडू नयेत म्हणून बसवलेली. टोपीवर नखाएवढा चपटा खड्डा पडला होता. “सर, तुमची प्लेट नाही वाकत,” ते म्हणाले, “हे प्लास्टिक बसतंय. रात्रभर बसत राहणार.”

गाइड स्कोप आणि फाइंडरच्या रिंगांमध्ये तीन-तीन स्क्रू असतात ते नळी इकडेतिकडे वळवता यावी म्हणून. डोळ्याने गाइड तारा शोधायच्या काळात त्याची गरज होती. आजच्या गाइड कॅमेऱ्याला जवळपास कुठल्याही दिशेला पुरेसे तारे मिळतात, तेव्हा ती वळवण्याची सोय फक्त तोट्याची राहिली आहे. गाइड स्कोप घट्ट पूर्ण वर्तुळाच्या रिंगांत धरावा, रिंगा शक्य तितक्या दूर ठेवाव्यात (अंतर दुप्पट झालं की त्याच मायक्रॉनचा कोन निम्मा होतो) आणि वरूनही एक पट्टी टाकून रिंगा एकमेकींना बांधाव्यात, म्हणजे उघडी चौकट बंद पेटी होते. एकाच स्क्रूने धरणाऱ्या फाइंडरच्या खाचेत गाइड स्कोप लावणं मी तरी आता कोणाला सुचवत नाही, निदान ५०० मिलिमीटरच्या वरच्या दुर्बिणीवर.

जाडीचं गणित मात्र ठाऊक असावं. पट्टीची जाडी दुप्पट केली तर ताठपणा आठपट होतो, आणि एका टोकाला धरलेल्या पट्टीची लांबी दुप्पट केली तर तिचं टोक आठपट खाली जातं. त्यामुळे आखूड आणि जाड हे जवळजवळ नेहमी बरोबर. चढ्या भावाच्या ‘एअरक्राफ्ट ग्रेड’ ॲल्युमिनिअमने मात्र काही साधत नाही. कडक केलेला मिश्रधातू तुटायला अवघड असतो, वाकायला नाही. ॲल्युमिनिअमचे सगळे प्रकार ताठपणात सारखेच. अनुभव सांगतो की धातू क्वचितच गुन्हेगार असतो. गुन्हा सांध्यात घडतो. जिथे एक वस्तू दुसऱ्या वस्तूला टेकते, घसरू शकते, बसू शकते, तिथे.

असे सांधे एका जोडणीत किती असतात ते एकदा मोजून बघावं. फोकसरची नळी पुढेमागे सरकते, म्हणजे तिच्यात थोडा खेळ असायलाच हवा, आणि त्या खेळाच्या टोकाला करेक्टर, फिल्टर-चक्र आणि कॅमेरा मिळून किलो-दीड किलो लटकतो. रोलरवर घसरणारा साधा क्रेफर्ड फोकसर या भाराखाली मान टाकतो. फोकस झाल्यावर लॉक स्क्रू आवळतोच, पण एका बाजूने आवळलेला स्क्रू नळीला दुसऱ्या बाजूला ढकलतो. कॅमेऱ्याचा दोन इंची नोजपीस दोन-तीन स्क्रूंनी धरण्यापेक्षा सगळं आट्यांनी जोडणं कितीतरी चांगलं. आटे एकदा खांद्याला टेकले की हलायला जागा उरत नाही. गाइड कॅमेऱ्याच्या बाजूलाही हेच, आणि तिथे एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. १२० मिलिमीटरच्या छोट्या गाइड स्कोपमध्ये कॅमेरा एक मायक्रॉन बाजूला सरकला तर ती पावणेदोन विकलांची चूक होते. मोठ्या दुर्बिणीत तोच मायक्रॉन पाव विकलेचा. गाइड स्कोप जितका आखूड तितकी त्याच्या मागच्या टोकाची ढिलाई महाग.

केबलींचं काकांनीच दाखवून दिलं होतं. लोंबती केबल दुर्बीण फिरेल तशी वेगवेगळ्या बाजूने ओढते, आणि थंडीत ती कडक होते. आता माझ्या सगळ्या केबली दुर्बिणीच्या अंगावर घट्ट बांधलेल्या असतात आणि माउंटच्या अक्षाजवळून एकत्र खाली उतरतात.

परावर्तक दुर्बिणी ही वेगळीच दुनिया. श्मिट-कॅसेग्रेनमध्ये फोकस करताना मुख्य आरसाच मधल्या नळीवर ग्रीसच्या थरावर सरकतो, आणि दुर्बीण मध्यान्हरेषा ओलांडते तेव्हा तो एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला कलतो. बाहेर लावलेल्या गाइड स्कोपला या कलण्याची वार्ताही नसते. काही दुर्बिणींना आरसा आवळण्याचे स्क्रू असतात. त्यांनी दुखणं कमी होतं, जात नाही. न्यूटनियनचा कॅमेरा नळीच्या कडेला लटकतो, आणि नळी असते पातळ पत्र्याची. फोकसरवर बोट टेकवून दाबलं आणि पत्रा हलताना दिसला तर आतून फोकसरभोवती जाड पट्टी बसवावी, रिंग फोकसरच्या जवळ आणावी. मुख्य आरशाच्या चिमट्या मात्र आवळू नयेत. काच चिमटली की तारे तिकोनी होतात. चिमटी आणि काच यांमध्ये कागदाची फट हवी, आणि बाजूने आरसा घसरणार नाही असा आधार हवा.

एवढं सगळं घट्ट केल्यावर माझी सरक तासाला अठरा पिक्सेलवरून पाचवर आली. त्याखाली जाईना. आणि इथेच सेरुरिएने केलं ते करावं लागतं, प्रश्न फिरवावा लागतो. दोन दुर्बिणी सारख्या वाकत नाहीत ना? मग दुसरी दुर्बीण ठेवायचीच कशाला? मुख्य दुर्बिणीतूनच येणारा थोडा प्रकाश, चित्राच्या चौकटीबाहेरचा, एका छोट्या लोलकाने बाजूला काढून गाइड कॅमेऱ्याकडे वळवायचा. आरसा कलो, नळी लवो, फोकसर मान टाको, जे मुख्य कॅमेऱ्याला होईल तेच गाइड कॅमेऱ्याला होईल, आणि माउंट ते दुरुस्त करील. हा ऑफ-ॲक्सिस गाइडर.

युक्ती नवी नाही. लिक वेधशाळेच्या ३६ इंची क्रॉसले परावर्तकावर १८९८ ते १९०० या काळात जेम्स कीलर यांनी तेजोमेघांची आणि सर्पिल दीर्घिकांची जी छायाचित्रं घेतली ती काचेच्या प्लेटच्या कडेलाच बसवलेल्या नेत्रिकेतून एका ताऱ्यावर नजर ठेवून, आणि तारा ढळला की दोन काटकोनी स्क्रूंनी प्लेटच सरकवून. ते तासन्‌तास डोळ्याने करत होते ते काम आपण दोन-दोन सेकंदांनी कॅमेऱ्याकडून करून घेतो. १९९० च्या दशकात एसबीआयजी या कंपनीने मुख्य चिपच्या शेजारीच दुसरी छोटी गाइड चिप असलेला कॅमेरा बाजारात आणला. आता झेडडब्ल्यूओच्या ड्युओ कॅमेऱ्यांनी तीच कल्पना परत आणली आहे. दोन चिपा एकाच धातूच्या पेटीत, एकमेकींपासून काही मिलिमीटरवर. फरकाला जागाच उरत नाही. फिल्टर मात्र कॅमेऱ्याच्या पुढे येतो, म्हणून अरुंद पट्ट्याच्या फिल्टरमधून गाइड तारा अंधूक दिसतो.

ऑफ-ॲक्सिस गाइडरचा त्रास खरा आहे, तो लपवू नये. लोलक खूप आत गेला तर चित्रावर सावली पडते, बाहेर राहिला तर तारे कडेच्या विकृतीने पतंगासारखे दिसतात. दोन्ही कॅमेऱ्यांचा फोकस एकाच वेळी जुळवावा लागतो, आणि करेक्टरपासूनचं नेमकं अंतर पाळायचं तर त्यात गाइडरची जाडी मोजावी लागते. लांब नाभीय अंतराच्या दुर्बिणीत एवढ्याशा चौकटीत तारा मिळणं हा पूर्वी मोठा अडसर होता. आजच्या संवेदनशील गाइड कॅमेऱ्यांनी तो बराच हटवला आहे. ध्रुव जुळवणीतली चूक मात्र हा गाइडर झाकू शकत नाही. तेव्हा चित्र गाइड ताऱ्याभोवती गोल फिरतं. फरक ओळखणं सोपं आहे: बाकात सगळे तारे एकाच दिशेला सारखे लांबतात, जुळवणी चुकली की एका बाजूचे कमी आणि दुसऱ्या बाजूचे जास्त, कमानीत.

तिसरी वाट मोठ्या वेधशाळांची: बाक अटळ आहे, तर तो शिकून घ्या. आकाशभर पसरलेल्या ताऱ्यांकडे दुर्बीण वळवायची, प्रत्येक वेळी किती चुकली ते नोंदवायचं, आणि त्या चुकांना गणिती रूप द्यायचं. पॅट्रिक वॉलेस यांची टीपॉइंट ही प्रणाली ऑस्ट्रेलियातल्या अँग्लो-ऑस्ट्रेलियन दुर्बिणीच्या कामातून आली. तिच्यात नळीच्या झोलासाठी वेगळं पद आहे. आज महागड्या माउंटमध्ये असंच प्रारूप हौशी माणसाच्याही हाती येतं आणि गाइडिंगशिवाय लांब एक्सपोजर निघतात. अट एकच. बाक दर वेळी तसाच व्हायला हवा. नायलॉनची टोपी कुठल्याच प्रारूपात बसत नाही. याच वाटेवर पुढे सक्रिय प्रकाशिकी आहे. १९८९ मध्ये चिलीतल्या ला सिया इथे रेमंड विल्सन यांच्या कल्पनेतून उभ्या राहिलेल्या एनटीटी दुर्बिणीचा साडेतीन मीटरचा आरसा मुद्दाम पातळ ठेवला आणि पाठीमागून ढकलून त्याचा आकार सतत दुरुस्त करत ठेवला. हर्शेलला जो पातळपणा नडला तोच इथे सोयीचा झाला.

चौथा उपाय ऐकायला सर्वांत सोपा. एक्सपोजरच लहान करा. आधुनिक सीमॉस कॅमेऱ्यांचा वाचन-गोंगाट इतका कमी आहे की दहा मिनिटांऐवजी दोन-दोन मिनिटांच्या फ्रेमा घेऊन एकत्र केल्या तरी, रुंद पट्ट्यात तरी, फार बिघडत नाही. तासाला पाच पिक्सेल म्हणजे दोन मिनिटांत पिक्सेलचा सहावा हिस्सा. तारे गोल दिसतात. बरेच जण इथे थांबतात. पण बाक गेलेला नसतो. फ्रेमामागून फ्रेम चित्र एकाच दिशेला सरकत राहतं, आणि तारे जुळवून थर लावले की कॅमेऱ्याचे स्थिर डाग उलट दिशेला रांगेने सरकतात. काळ्या आकाशावर तिरप्या रेघा उमटतात, जशा रिमझिम पावसाच्या. मंद तेजोमेघाच्या कडा त्यात हरवतात. दर एक-दोन फ्रेमांनी दुर्बीण काही पिक्सेल अनियमित दिशांना हलवणं, म्हणजे डिदरिंग, हा त्यावरचा उतारा. रेघा उमटल्या तर त्यांची दिशा आधी बघावी. ती सांगते की जोडणी कुठल्या बाजूला लवते आहे.

फोकसरने मान टाकली की आणखी एक गोष्ट होते, सेन्सर कलतो. एफ/५ च्या दुर्बिणीत फोकसची सहनशीलता साधारण पन्नास मायक्रॉन. साडेतेवीस मिलिमीटर रुंद सेन्सर अंशाच्या दहाव्या भागाने कलला तर दोन कडांत चाळीस मायक्रॉनचा फरक पडतो, आणि एका कोपऱ्यातले तारे फुगतात. कॅमेरा नव्वद अंश फिरवून बघावं. खराब कोपरा कॅमेऱ्याबरोबर फिरला तर दोष कॅमेऱ्यातला, आकाशाच्या त्याच बाजूला राहिला तर दुर्बिणीतला. आणि दुर्बीण पूर्वेकडून पश्चिमेकडे वळवल्यावर कोपराच बदलला, तर तो झोल.

नवं काही विकत घेण्याआधी एक रात्र चाचणीला द्यावी, असं मी आता प्रत्येकाला सांगतो. डिदरिंग बंद, गाइडिंग चालू, पूर्वेच्या मध्यम उंचीवरचा एखादा तारकासमूह, आणि तासभर दहा-दहा सेकंदांच्या फ्रेमा. पहिली आणि शेवटची एकावर एक ठेवून उघडझाप करायची, किती पिक्सेल सरकले ते मोजायचं. मग पश्चिमेला वळवून पुन्हा तासभर. तासाची सरक ज्ञात झाली की किती मिनिटांचं एक्सपोजर परवडेल ते भागाकाराने निघतं. त्यानंतर एका वेळी एकच सांधा घट्ट करायचा आणि पुन्हा मोजायचं.

माझी नायलॉनची टोपी गेली, रिंगा बदलल्या, केबली बांधल्या, आणि शेवटी गाइड स्कोपच उतरवून ऑफ-ॲक्सिस गाइडर लावला. मागच्या हिवाळ्यात त्याच माळरानावर, त्याच अश्वमुखावर तासाभराच्या फ्रेमा तपासल्या. पहिल्या आणि शेवटच्या फ्रेमेत अर्ध्या पिक्सेलहून कमी फरक होता. दहा मिनिटांची फ्रेम उघडली. कोपऱ्यापर्यंत तारे गोल होते, आणि घोड्याच्या मानेमागचा तांबूस पडदा पहिल्यांदा सलग दिसत होता.